नावापुढे आईचं नाव

माझी भाची श्रावणात जन्मली आणि दुसऱ्या दिवशी तिची आई गेली. रक्तस्राव थांबला नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. माझ्या भावानं रक्त दिलं, माझा नवरा आणखी पिशव्या आणायला धावला. पण त्या पिशव्या घेऊन तो जिना चढत होता तेव्हाच आतून नर्स बाहेर आली आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

भाऊ माझ्याहून बराच लहान. आमची आई लवकर गेली, त्यामुळे त्याची शाळा, डबा, तापातलं जागरण हे सगळं माझ्या अंगावरच पडलं होतं. तो सुप्याच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. आम्ही केडगावात एकाच गल्लीत राहतो; त्याच्या दाराचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. भावजय पाथर्डीच्या पुढं डोंगराकडेला एक गाव आहे तिथली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि ही आजीजवळ गावात राहून शिकली. बारावी झाली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "ताई, तुमच्या शाळेत वाचायला पुस्तकं मिळतात का?" ती अशी होती.

बारसं बाराव्या दिवशी करतात. आमच्या घरात त्या दिवशी तेराव्याची तयारी चालली होती. अंगणात मांडव होता, पण तो त्यासाठी होता. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं. भेटायला येणाऱ्या बाया आधी रडायच्या, मग बाळाकडे बघायच्या आणि सवयीनं विचारायच्या, "नाव काय ठेवलं?" विचारल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. मी म्हणायची, "ठेवायचंय अजून."

आमच्यात नाव ठेवण्याचा मान आत्याचा. म्हणजे माझा. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, तेव्हा मागून बाया आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात, सगळ्या हसतात. भाऊ लहान असल्यापासून मी हे मनात धरून ठेवलं होतं. आता तो मान माझ्याकडं आला, तर मला नाव सुचेनाच. आधी ठरवलेली दोन-तीन नावं होती, पण ती हसत-खेळत ठरवलेली. त्यातलं एकही नाव त्या घरात त्या दिवसांत तोंडातून काढावंसं वाटलं नाही.

बाळाची आजी, म्हणजे भावजयीची आई, तेराव्यानंतर गावी गेलीच नाही. बाळंतपणाला म्हणून जी पिशवी घेऊन आली होती, तीच पिशवी घेऊन भावाच्या घरी राहिली. बाई अंगानं बारीक, पण हातात जोर. बाळाला पायांवर घेऊन तेल लावायची, गरम पाण्यानं न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. रात्रपाळी असली की भाऊ दिवसा झोपायचा, तेव्हा ती बाळाला घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायची.

एका सकाळी मी शाळेला निघताना त्यांच्या दारात डोकावले. आजी न्हाणीत पाटावर बसली होती, बाळ तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं. बाळ रडत होतं आणि आजी त्याला समजावत होती. ती बाळाला हाक मारत होती आपल्या लेकीच्या नावानं.

"पाय सोड गं," असं म्हणून तिनं ते नाव घेतलं, "सोड पाय, आंग चोळू दे मला. लहानपनी बी अशीच करायचीस."

भाऊ पाळी संपवून नुकताच आला होता. डब्याची पिशवी अजून खांद्याला होती. त्यानं ते ऐकलं, पिशवी दारात ठेवली आणि आला तसा बाहेर गेला. मी मागं गेले. तो पुणे रस्त्याच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले. शाळेला उशीर होत होता, पण बसले.

"रोज असंच चाललंय," तो म्हणाला. "मला पहिल्यांदा वाटलं, चुकून येतंय तोंडात. पण नाही."

"तिची लेक गेली रे."

"माहितीय मला." मग म्हणाला, "माझीपण बायको गेली ना."

आजीनं ही गोष्ट मनातच ठेवली नाही. दसऱ्याच्या सुमारास, ऊसतोडीची टोळी निघायची वेळ जवळ आली तेव्हा, तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. भावाला ती 'पाव्हणं' म्हणायची.

"पाव्हणं, माझं येक ऐका. पोरीला तिच्या आईचंच नाव ठेवा. मी दुसरं काय मागत न्हाई."

"मला हाक मारायला कुनी राह्यलं न्हाई," ती म्हणाली. "तिला हाक मारायची सवय हाय माज्या तोंडाला. ती सवय मी कुटं नेऊ?"

भावानं तोंड उघडलं. सासूला तो मामी म्हणतो. "मामी, उद्या ही मोठी होईल. शाळेतून उशिरा येईल. मी चिडेन, ओरडेन. रागानं हाक मारावी लागेल मला, त्या नावानं. मला नाही जमायचं. आणि ती आजारी पडली, तापानं फणफणली, तर त्या नावाला उठ म्हणायचं? एकदा म्हणून झालंय माझं ते."

आजीनं पदरानं तोंड पुसलं आणि बाळाकडे गेली. मला तेव्हा दोघांचंही खरं वाटत होतं. पहिलीच्या वर्गात मी पाहिलेलं आहे, एखाद्या मुलाला गेलेल्या काकाचं किंवा भावाचं नाव ठेवलेलं असतं आणि घरातली मोठी माणसं त्या मुलाकडे बघताना त्याच्या मागं कुणाला तरी शोधत असतात. त्या पोराला काही कळत नसतं, पण ते उगाच शहाणं होतं, फार लवकर. माझ्या भाचीनं तसं व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण हे त्या बाईला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

दिवाळीच्या आधी टोळी निघाली. आजीचा नवरा एकटा जाऊ शकत नव्हता; ऊसतोडीला जोडीनंच जावं लागतं. ती गेली. जाताना बाळाच्या गालांवरून बोटं फिरवून कपाळाशी मोडली आणि कडाकड वाजवली. तेव्हाही ती त्याच नावानं काहीतरी पुटपुटली.

त्यानंतर घरात नाव हा विषयच निघेना. शेजारणी छकुली म्हणायच्या, माझा नवरा सोनी म्हणायचा, भाऊ नुसतं 'बाळा' म्हणायचा. जन्माची नोंद झाली होती, नावाची जागा रिकामी ठेवून. भाऊ पाळ्यांप्रमाणे जायचा यायचा. मी शाळेत असताना माझ्या सासूबाई बाळाला सांभाळायच्या. बाळ चांगलं बाळसं धरत होतं, हसायला लागलं होतं. नावावाचून तिचं काही अडत नव्हतं.

हिवाळ्यात एकदा लसीकरणाला गेलो, भाऊ आणि मी. केंद्राच्या व्हरांड्यात बाया ओळीनं बसल्या होत्या, मांडीवर टोपड्यातली बाळं. भाऊ तेवढा एकटाच पुरुष. आतून सिस्टर एकेक कार्ड उचलून नाव पुकारत होत्या. आमच्या कार्डावर बाळाचं नाव नव्हतं. दवाखान्यात मनगटाला बांधलेल्या पट्टीवर जे होतं तेच कार्डावर उतरलं होतं: बेबी ऑफ, आणि पुढं भावजयीचं पूर्ण नाव.

सिस्टरनी ते मोठ्यानं पुकारलं.

मी भावाकडे पाहिलं. तो उठला, बाळाला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "हो, आलो."

सिस्टरनी वर न बघता विचारलं, "आई कुठंय? आईला पाठवा, दूध कसं पितेय ते विचारायचंय."

"आई नाही," भाऊ म्हणाला. "बाळंतपणात गेली. वरचं दूध पाजतो आम्ही. नीट पिते."

सिस्टरनी मान वर केली. वयानं माझ्याएवढ्या असतील. त्यांनी बाळाचा पाय हातात घेतला, टोचायच्या आधी तसाच जरा वेळ धरून ठेवला. मग टोचलं. बाळ किंचाळलं, भावानं त्याला घट्ट धरलं. बाहेर पडताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "दादा, नाव लावून घ्या कार्डावर. एवढी छान पोरगी आहे."

परत येताना मी गाडीवर मागं बसले होते, बाळ आमच्या मध्ये. रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा भाऊ पुढं बघतच बोलला.

"ताई, किती दिवसांनी कुणीतरी तिचं नाव साध्या आवाजात घेतलं गं. आपण सगळे घेतो ते रडव्या आवाजात घेतो. नाहीतर घेतच नाही."

रेल्वे गेली, फाटक उघडलं. "नाव ठेवू आता," तो म्हणाला. "पण मामींना विचारून. त्यांच्याशिवाय नको."

त्या आठवड्यात मला एक गोष्ट सुचली. खरं तर ती माझ्या रोजच्या कामातलीच होती, पण घरच्या दुःखाशी तिची सांगड मी घातली नव्हती. आता नियम असा झाला आहे की जन्मणाऱ्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या शाळेत त्यावर बरंच बोलणं झालं होतं; नाव फार लांबतं म्हणून एका गुरुजींनी कुरकुरही केली होती. माझ्या भाचीच्या नावापुढे तिची आई कायमची असणारच होती. ते कुणी मागायची गरज नव्हती आणि कुणाला नाकारताही येणार नव्हतं.

रविवारी आम्ही श्रीगोंद्याला, आजीच्या टोळीकडे गेलो. साखर कारखान्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, रिकाम्या रानात टोळीच्या कोप्या होत्या. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या त्या झोपड्या एका ओळीत, पुढं चुली, बैलं बांधलेली. हवेत मळीचा वास. आजी आत्ताच फडातून आली होती. हातांना उसाच्या पात्याचे चरे, डोक्याला फडकं. बाळाला बघून ती पुढं आली आणि थबकली. आधी हात धुतले, मग घेतलं. बाळानं तिला ओळखलं की नाही माहीत नाही, पण रडलं नाही.

चहा झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, "मावशी, तुमच्या लेकीचं नाव पोरीच्या नावात राहणार आहे."

"कसं?"

"आधी पोरीचं नाव. मग लगेच तिच्या आईचं. मग बापाचं. मग आडनाव. आता कायदाच आहे तसा. दाखल्यावर, शाळेत, सगळीकडे."

"बापाच्या आदी?" तिनं विचारलं.

"बापाच्या आधी."

तिनं जावयाकडे पाहिलं. "तुमास्नी चालंल, पाव्हणं?"

"चालेल काय मामी," भाऊ म्हणाला, "मला तेच पाहिजे."

आजूबाजूच्या कोप्यांतल्या बाया एव्हाना जमल्या होत्या. त्यांना हे सगळं नवीन होतं. एक म्हणाली, "आमचं नाव कुटं लागतंय? टोळीत आमी कोयता. ह्यांच्या नावाचा येक कोयता, त्यात आमी अर्ध्या." नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, ते मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं. मग दुसरीनं सहज आपल्या आईचं नाव सांगितलं. आपल्या नावापुढं ते असतं तर कसं झालं असतं, ते पूर्ण म्हणून दाखवलं. मग तिसरीनं. सगळ्याजणी आपापल्या नावापुढे आईचं नाव लावून म्हणू लागल्या. हसल्या नाहीत कुणी. सावकाश, चाचपून बघितल्यासारख्या म्हणत होत्या. एका म्हातारीला आईचं नाव आठवेना. "समदी तिला थोरली म्हनायची," ती म्हणाली. "मी बी थोरलीच म्हनायचे." तिनं पुष्कळ वेळ आठवून पाहिलं आणि मग उठून आपल्या चुलीकडे गेली.

आजी हे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग पोरीचं काय नाव म्हनताय?"

मी नावं सांगत गेले. नुसतं नाव चांगलं असून भागत नव्हतं, ते भावजयीच्या नावाला आणि भावाच्या नावाला लागून नीट म्हणता यायला हवं होतं. स्वरा म्हटलं तर पुढच्या नावात ते विरून जात होतं. ईश्वरी चांगलं होतं, पण तीन नावं मिळून जीभ अडखळायची. अन्वी मला स्वतःला आवडत होतं. ते ऐकून आजी पहिल्यांदाच किंचित हसली.

"हे न्हाई चालायचं, लई बारकं हाय. माजी लेक म्हनली हुती मला, पोटुशी असताना. म्हनली, आई, पोरगी झाली तर लांबून हाक मारता यील असं नाव पायजे. तिला मी डोंगरावरनं हाक मारायचे, ती खाली वड्यात शेरडं घिऊन. तिथवर जायाची माजी हाक."

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. भाऊसुद्धा चमकला. मग त्यानंच एक नाव सुचवलं. जुनं, साधं, तीन अक्षरी, शेवटी मोठा 'ई'. मी ते इथं लिहीत नाही. ती मोठी होईल तेव्हा कुणाला सांगायचं ते तिचं ती सांगेल.

"सगळं म्हणून दाखव," मी त्याला म्हटलं.

त्यानं मुलीचं नाव घेतलं आणि थांबला. मग त्यानं बायकोचं नाव घेतलं, त्याच्यापुढं आपलं, मग आडनाव. नावं स्वच्छ आली. पुन्हा एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा जास्त सरळ म्हणाला. श्रावणानंतर त्याच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

आजी उठली. तोडून मोकळ्या झालेल्या फडाच्या पार पलीकडल्या बांधापर्यंत गेली, वळली, आणि तोंडाशी हात धरून नातीला त्या नव्या नावानं हाक मारली. शेवटचा 'ई' तिनं लांबवला. आवाज सगळ्या रानावरून आमच्यापर्यंत आला. बाळानं मान वळवली. बाळ त्या वयात कुठल्याही आवाजाला वळतं, हे मला माहीत आहे. तरी आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "जातंय लांब," एवढंच म्हणाली.

तिथंच बारसं केलं. ठरवून गेलो नव्हतो. कुणीतरी लुगडं आणलं, बाभळीच्या फांदीला झोळी बांधली. साखर होती, गूळ होता, एकीनं हळदीकुंकवाची डबी काढली. बायांनी पाळणा म्हटला, त्यांच्या गावाकडचा, मी कधी न ऐकलेला. मी झोळीवर वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. नुसतं तिचं नाव सांगायचं असतं. मी पूर्ण सांगितलं, आईच्या आणि बापाच्या नावासकट. मागून बायांनी माझ्या पाठीत बुक्के घातले. उसाच्या मोळ्या उचलणारे हात ते, चांगलेच लागले. मला तिथं रडू आलं. त्यांना वाटलं, जोरात लागलं म्हणून. एक म्हणाली, "हळू गं, मास्तरीनबाई हाय."

निघताना आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माज्या तोंडाला ह्ये नाव बसंल का न्हाई, ठावं न्हाई मला. चुकलं तर पाव्हण्याला सांगा, राग मानू नका."

"तो नाही मानणार," मी म्हटलं.

ती चुकलीच. उसाचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर टोळी घरी परतली आणि ती पुन्हा केडगावला येऊन-जाऊन राहू लागली, तेव्हा बरेच दिवस तिच्या तोंडात दोन्ही नावं यायची. आधी लेकीचं, मग जीभ चावून नातीचं. भावानं कधी टोकलं नाही. हळूहळू चुका कमी झाल्या. आता पोरीला हाक मारताना ती बरोबर मारते. पण पोर झोपली की उशाशी बसून कधीकधी दुसरं नाव घेते, पुटपुटल्यासारखं, कुणाला ऐकवायला नाही. आम्ही तिला तसं बसू देतो.

या श्रावणात वाढदिवस आणि वर्षश्राद्ध लागून आले. नातेवाईक म्हणाले, वाढदिवस पुढं ढकला, नाहीतर करूच नका. भाऊ म्हणाला, "दोन्ही करायचं, ज्याच्या त्याच्या दिवशी." पहिल्या दिवशी त्यानं पोरीला नवा झगा घातला, आजीनं तिचं औक्षण केलं, गल्लीतल्या मुलांना खाऊ वाटला. केक आणला नाही. तेवढं त्याला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी भावजयीच्या फोटोला हार घातला, पान वाढलं. त्यात तिला आवडायची म्हणून शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. पोर नुकतीच धरून उभी राहायला लागली होती. ती फोटोच्या टेबलाला धरून उभी राहिली आणि हारातली झेंडूची पाकळी ओढून तोंडात घातली. भावानं ती बोटानं बाहेर काढली आणि तिला कडेवर घेऊन जेवायला बसला.

संध्याकाळच्या एसटीनं आजी गावी गेली. शेळ्या शेजाऱ्यांवर सोडून आली होती. भावानं तिला स्टँडवर सोडलं. मी भांडी आवरत होते आणि पोर माझ्या पायाशी बसून उलथनं वाजवत होती.